केक खाल्ला गेला आहे

परीक्षकांसाठी प्रत्येक केकची एक फोड कापून ठेवायची, हे सचिवाचं काम. थॉर्नबी गावच्या प्रदर्शनात सिरिल अ‍ॅक्रॉइड ते वर्षानुवर्षं करत आला होता. या खेपेला सुरीला चिकटलेला चुरा त्याने सहज जिभेवर ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरेच्या जागी मीठ! आणि केक कोणाचा, तर डोरीन पिकर्सगिलचा. ज्या बाईशी हवापाण्यापलीकडे काही बोलायचं धाडस या विधुराला अजून झालं नव्हतं, तिचा.

परीक्षकांनी तो चाखला असता तर बाईचं पुढची दहा वर्षं गावभर हसं झालं असतं. बाहेर नेऊन टाकावा, तर दारात पाद्रीबुवा गप्पा छाटत उभे. मग काय करतो बिचारा? डोळे मिटले आणि अख्खा केक खाल्ला. वर तांब्याभर पाणी प्यायला आणि मंडपातल्या फळ्यावर लिहिलं, ‘एक केक खाल्ला गेला आहे. खेद व्यक्त करण्यात येत आहे.’

इंग्रजांची ही जुनी खोड. कुंपण पाडलं जातं, फाटक उघडं टाकलं जातं. कोणी, ते विचारायचं नाही. कर्मणी प्रयोग त्या लोकांनी शेजारधर्मासाठीच राखून ठेवलाय म्हणा ना. पण दुसऱ्याने पाय तुडवला तरी आपणच माफी मागायची, अशीही त्यांची रीत. त्यामुळे फळा वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, हा टोमणा आपल्यालाच. पाद्रीबुवांनी सिरिलला कोपऱ्यात घेऊन कबूल केलं, की सकाळी कुठल्याशा केकचा जॅम आपण बोटाने चाटला होता. गुत्त्याची मालकीण नोरा म्हणाली, आमचा कुत्रा मघाशी टेबलाखाली होता, त्याचंच हे काम. चहाच्या वेळेपर्यंत कुत्र्याला जन्मभर मंडपबंदी करायचा ठराव तयार झाला होता आणि पाद्रीबुवा राजीनाम्याची भाषा करत होते.

सभा भरली. अध्यक्ष मिस टेम्परली, हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. त्यांनी चष्म्यातून फळ्याकडे पाहिलं. “खाल्ला गेला म्हणजे काय? खाणाऱ्याला नाव असेल ना?”

पाद्रीबुवा उठू लागले. नोराने डोळे पुसले. डोरीन मागच्या बाकावर बसली होती. सिरिलला कळेना, खरं सांगावं तर हिची अब्रू जाते, न सांगावं तर भल्या माणसांची.

“केक मी खाल्ला,” तो म्हणाला. “सगळा. एकट्याने.”

इतकं उघडंवाघडं वाक्य त्या मंडपात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. लोक बुटांच्या नाड्या तपासू लागले. चेहरा खुलला तो फक्त मिस टेम्परलींचा.

“छान. पण का?”

“हावरटपणा,” सिरिल म्हणाला.

त्याचं सचिवपद तिथल्या तिथे गेलं, अर्थात ‘काढून घेण्यात आलं’. कोणी काढलं हे कोणी बोललं नाही. कुत्रा सुटला, पाद्रीबुवा वाचले आणि सिरिल मान खाली घालून बाहेर पडला. घसा अजून कोरडाच होता.

फाटकापाशी डोरीन उभी होती. ती त्याच्याकडे न बघता समोरच्या गुलाबांशी बोलल्यासारखी बोलली.

“मघाशी चहाच्या वेळी घरी जाऊन आले. साखरेचा डबा भरलेला दिसला. मीठ घातलं गेलं असावं.”

“असं काही माझ्या कानावर आलेलं नाही,” सिरिल म्हणाला.

तिने गुलाबाचं एक वाळकं पान खुडलं. मग कानाच्या पाळीपर्यंत लाल होत म्हणाली, “रविवारी दुपारी जेवायला बोलावण्यात येत आहे.”

कोणाकडून, ते सिरिलने विचारलं नाही.