देवरावकाकांच्या मासोळ्या

नागपुरात भर मे महिन्यात स्वतःच्या कूलरचा पंप काढून मासोळ्यांना देणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे सक्करदऱ्याचे शेजारी देवरावकाका. गल्लीतले सगळे कूलर ठिबकत असतात तेव्हा काका कोरड्या कूलरसमोर डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, "मले घाम येते न बाप्पा. मासोळीले येते काय?"

काका विजेच्या खात्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, काकांनी भंगारवाल्यांच्या यात्रा केल्या. आता त्यांच्या मागच्या अंगणात, हिरव्या जाळीखाली, दार काढलेला एक जुना फ्रिज उताणा पडला आहे. त्यात पाणी, पाण्यात रोहू. वर लोखंडी पलंगाच्या सांगाड्यावर पेंटच्या बादल्या, बादल्यांत गिट्टी, गिट्टीत पालक, पुदिना आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. पंप खालचं पाणी वर चढवतो, ते बादल्यांतून झिरपत पुन्हा फ्रिजात येतं. हे शास्त्र काका येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून समजावतात. "मासोळी हागते, सांबार खाते, पाणी साफ. कोणी कोणाच्या उपकारात नाही."

फ्रिजाच्या आधी कळमन्याहून आणलेला एक निळा ड्रम होता. तो निघाला लोणच्याचा. घासघासून काकांचे हात सोलले, तरी पाण्याचा वास जाईना. माझी बायको म्हणाली, "काका, लोणच्यात काहून टाकता मासोळ्या?" काका म्हणाले, "मसाला आतूनच लागून राहिला. तुले रश्श्याची मेहनत नाही." पण रस्सा काही झाला नाही. रोहू चांगले वीतभर झाले, तरी काकांचा हात सुरीकडे गेला नाही. कोणी विषय काढला तर "लहान हायेत अजून" म्हणून ते उठून जातात.

काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. मुलगा पुण्याला, मोठ्या फ्लॅटात. दर उन्हाळ्यात गल्ली विचारते, "काका, पोराकडे नाही जात काय?" आणि काकांचं उत्तर ठरलेलं. "जाऊ कसा गा? मासोळ्याईले कोण पाहीन?"

यंदा काकांना ऊन लागलं. अंगणात चक्कर येऊन पडले. मी उचलून खाटेवर टाकलं, तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं, आणि दुसऱ्या दिवशी चांगलंच सुनावलं. "बस झालं काका. पुण्याले जा. मासोळ्या मी पाहतो."

"पंप बंद पडला तर?"

"दुसरा आणून ठेवतो."

"लाइन गेली तर?"

"इन्व्हर्टर हाय न माझ्याकडे."

"तू खाणं जास्त टाकशीन."

"तुम्ही पुड्या बांधून द्या. एका दिवसाले एक पुडी."

एकेक सबब मी उडवून लावत होतो आणि मनातून खूशही होत होतो. माझ्यासारखा शहाणा मीच! काका गिट्टी उकरत बसले होते. सबबी संपल्या तेव्हा मान वर न करता म्हणाले, "कोणी बोलवाले पाह्यजे न गा."

इतके उन्हाळे या माणसाने गल्लीला पत्ता लागू दिला नव्हता, आणि मी मदतीच्या नावाखाली त्याच्या अंगावरचं तेवढं पांघरूण ओढून काढलं होतं. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकोने विचारलं, "काय ठरलं? जाऊन राहिले काय काका?"

"नाही वं!" मी ओरडलो. "मले नाही जमत हे. काका गेले तर साऱ्या मासोळ्या मरतीन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "मी सांगूनच राहिलो होतो वं पोरी! याच्या भरवशावर कोण जाईन?"

बोलताना त्यांनी ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.