दिसेल तेच विशेषण

बायकोचा आवाज बसला तेव्हा स्टोअरकीपरांना वाईट वाटलं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढची हकिगत ऐकून लोकांचा उगाच गैरसमज होतो. वाईट वाटलंच. पण दार किलकिलं राहिलं की मांजर शिरतं, तसा त्याच्या मागोमाग थोडा आनंदही मनात शिरला. (त्याला हाकलायची त्यांनी काही घाई केली नाही.)

त्याचं असं होतं, की ते नुकतेच निवृत्त झाले होते. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची हयात गेली. तिथे त्यांच्या सहीशिवाय साधा वॉशर जागचा हलत नसे. घरी मात्र त्यांनी चमच्यांची जागा बदलली, तर संध्याकाळपर्यंत ते चमचे मुकाट्याने आपल्या जुन्या जागी परतलेले असत. स्वयंपाकघरातल्या डब्यांना त्यांनी नंबर दिले. ते घासताना धुऊन निघाले. आपल्यावाचून घरात कुणाचं काही अडत नाही, हे माणसाला कुणी तोंडावर सांगत नाही. ते त्याला रोज थोडं थोडं, दुपारच्या वेळी कळत जातं आणि फार लागतं.

बायकोला मात्र क्षणाची उसंत नसे. ती बाहेरच्या खोलीत मुलांची इंग्रजीची शिकवणी घ्यायची. येत्या रविवारी तिने पालकांना बोलावलं होतं. प्रत्येक मुलाने उभं राहून घरातल्या एका माणसाचं, चांगली विशेषणं वापरून, इंग्रजीत वर्णन करायचं असा बेत होता. समोरच्या इमारतीत नवा क्लास निघाला होता, तिथे थंड हवेचं यंत्र होतं, आणि पालकांचा एक पाय तिकडे पडलेलाच होता. रविवार बिनसला तर शिकवणी उठली, हे नवराबायको दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. नेमका त्याच आठवड्यात तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी बजावलं, की पुरता बरा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

तिने पाटीवर लिहिलं, 'मुलांना सुट्टी कळवा.'

"अगं, सुट्टी कशाला? मी आहे ना घरात," स्टोअरकीपर म्हणाले. "विशेषण म्हणजे शेवटी मालाचं वर्णनच की. जन्मभर दुसरं काय केलं मी?"

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाटी पुसली. पुसलेली पाटी म्हणजे होकार, असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं. (संसारात कधीतरी काहीतरी धरून चालावंच लागतं.)

पहिल्याच दिवशी मुलांनी आपली विशेषणं घडाघडा म्हणून दाखवली. सगळ्यांच्या आया ब्यूटिफुल होत्या, सगळे बाबा काइंड होते, आणि आजीआजोबा तर झाडून सगळे लव्हिंग. स्टोअरकीपरांचा चेहरा गंभीर झाला. एकाच वर्णनाचे इतके नग त्यांनी उभ्या आयुष्यात स्टॉकला घेतले नव्हते.

त्यांनी मुलांना स्टोअरचा कायदा समजावून सांगितला. नव्या माणसाला नुसतं वर्णन ऐकून रॅकवरची नेमकी वस्तू काढता आली पाहिजे. लव्हिंग म्हटलं, तर बिचाऱ्याने कुठल्या रॅकवर हात घालायचा? तेव्हा जे डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं, तेवढंच विशेषण. बाकी सगळी भलामण. मुलांना हे एकदम पटलं, कारण मोठ्या माणसांबद्दल खरं बोलायची परवानगी त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

आकार, रंग, वजन झाल्यावर स्टोअरकीपर मालाच्या स्थितीकडे वळले. रोज उठाव असलेला तो फास्ट-मूव्हिंग, कधीमधी हलणारा स्लो-मूव्हिंग, आणि धूळ खात पडलेला नॉन-मूव्हिंग. ज्याचा जमाना गेला तो ऑब्सोलीट. गरज नसताना जागा अडवून बसलेला तो सरप्लस. मुलं माना डोलावत होती. प्रत्येक शब्दासरशी त्यांच्या डोळ्यांपुढे घरचं कुणी ना कुणी उभं राहत होतं.

वाफ घेता घेता बायको टॉवेलसकट दारात आली. पाटीवर लिहिलं होतं, 'माणसांचं वर्णन करायचंय.'

"तेच तर चाललंय," स्टोअरकीपर म्हणाले. बायकोने कपाळाला हात लावला. ताप नाही ना हे ती पाहते आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

रविवारी खोली गच्च भरली. बायको गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसली. स्टोअरकीपर इस्त्रीचा शर्ट घालून फळ्याजवळ उभे राहिले. आज आपण या घराच्या कामी येणार, या विचाराने त्यांना रात्री नीट झोपही लागली नव्हती.

पहिला मुलगा उठला आणि न अडखळता म्हणाला, "माय ग्रँडमदर इज शॉर्ट. शी इज राउंड. शी इज स्लो-मूव्हिंग." टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरगं इंग्रजीत एवढं सलग बोललं, हेच आजीला खूप होतं. तिने पदराला डोळे पुसले. पुढच्याने आपल्या आजोबांना ऑब्सोलीट म्हटलं. आजोबांनी उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. एकाचे बाबा बॉल्ड, ऑइली आणि नॉइझी निघाले. मग एक मुलगा आपल्या काकाकडे प्रेमाने बघत म्हणाला, "माय अंकल इज सरप्लस." हा काका नोकरी सुटल्यापासून भावाच्या घरी राहत होता. आज मुद्दाम दाढी करून आला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

पालकांमध्ये एक गृहस्थ गोदामात कामाला होते. ते पहिल्यापासून गालातल्या गालात हसत होते. शेवटी त्यांच्याच मुलीने त्यांना, सुट्टीच्या दिवसापुरतं का होईना, नॉन-मूव्हिंग ठरवलं, आणि त्यांचं हसू मावळलं.

"ऑब्सोलीट म्हणजे हो काय?" आजोबांनी त्यांना कौतुकाने विचारलं.

गोदामवाल्यांनी सांगितलं. नुसतं तेवढंच सांगून ते थांबले नाहीत. एकेक शब्द घेऊन सगळ्यांना अर्थ सांगितला. आजीने पदर खाली घेतला. कुणीतरी हळूच समोरच्या क्लासच्या वेळा विचारल्या.

काका खाली मान घालून आपल्या हातांकडे बघत होता. स्टोअरकीपरांना त्याचं तोंड बघवेना. असलंच तोंड घेऊन ते स्वतः रोज दुपारी खिडकीशी बसत असत. आपल्या हातून फार वाईट झालं, असं त्यांना मनापासून वाटलं. बायकोची वर्षानुवर्षांची मेहनत एका आठवड्यात आपण धुळीला मिळवली, हेही कळलं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. (घरात आता आवाज बसलेली दोन माणसं झाली.)

तेवढ्यात सगळ्यांत धाकटी मुलगी उभी राहिली. तिची आई नर्स होती आणि ड्यूटीवर गेली होती. घरचं दुसरं कुणी आलं नव्हतं, म्हणून तिने वर्णनाला सर निवडले होते.

"सर इज ओल्ड," ती म्हणाली. "सर इज हेवी. सर इज..." तिने जरा विचार केला. "सर इज सरप्लस."

पहिल्यांदा हसला तो काका. आधी खुदकन, मग पोट धरून. मग गोदामवाले हसले, मग आजोबा, आणि बघता बघता सगळी खोली हसायला लागली. आजी तर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. स्टोअरकीपर तेवढे खांबासारखे उभे होते. ऑब्सोलीट आजोबांनी डोळे पुसत विचारलं, की पुढच्या आठवड्यापासून बाई स्वतः शिकवणार ना? बायकोने मान हलवली. "मग पोरं इथेच राहू देत," आजोबा म्हणाले, आणि समोरच्या क्लासच्या वेळा विचारणाऱ्यानेही मान डोलावली.

तेव्हा बायको उठली. डॉक्टरांचं बजावणं बाजूला ठेवून, घोगऱ्या आवाजात, त्या अख्ख्या आठवड्यातलं पहिलं वाक्य ती बोलली.

"सरप्लस नाही गं, बाळ. रिपेअरेबल."

स्टोअरकीपरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते कुणाला दिसू नये, म्हणून ते फळा पुसायला वळले.

"हा शब्द नाही शिकवला सरांनी," मुलगी म्हणाली. "सर, रिपेअरेबल म्हणजे काय?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते, बायकोसुद्धा. शब्दाचा चुकीचा अर्थ सांगणं स्टोअरकीपरांच्या रक्तातच नव्हतं.

"म्हणजे," ते खाकरून म्हणाले, "सध्या काही कामाचा नाही, पण टाकूनही देववत नाही, असा."