प्रश्न न वाचता रसायनशास्त्र

परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे नवे प्रश्न फार नसतात, हे एकदा ध्यानात आलं की माणसाला अभ्यासाची भीती उरत नाही. मला ते बारावीच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं. रसायनशास्त्राच्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, नाव घातलं आणि ते फळीवर ठेवून दिलं. (अजूनही उत्तम स्थितीत आहे.)

साल १९७९. आम्ही पिंपरीला औषधांच्या एका कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. वडील तिथे शिफ्टला जात आणि लवकरच निवृत्त होणार होते. मी तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो तरच क्वार्टर टिकणार होतं, आणि त्यासाठी रसायनशास्त्रात पास होणं भाग होतं. म्हणजे घराचं छप्पर माझ्या डोक्यावर नसून मीच त्याच्याखाली खांबासारखा उभा होतो.

काळेवाडीचे रद्दीवाले चांदभाई जुन्या प्रश्नपत्रिका वेगळ्या काढून ठेवत. गिऱ्हाइकाला ते धीर देत की बिनधास्त न्या, नेणारे सगळे पास होतात. (नापास झालेले त्याच प्रश्नपत्रिका किलोवर विकायला येत, पण तो त्यांच्या धंद्याचा वेगळा विभाग होता.)

जुन्या प्रश्नपत्रिकांच्या अभ्यासकांत तेव्हा दोन पंथ होते. आलेला प्रश्न पुन्हा येतो, असं एक म्हणे. आलेला प्रश्न आता कशाला येतोय, असं दुसरा म्हणे. पहिल्या पंथात सगळं वाचावं लागे आणि दुसऱ्यात काहीच नाही, त्यामुळे दुसऱ्याला अनुयायी जास्त होते. मी दोन्हींच्या पुढे गेलो. प्रश्नांच्या जागासुद्धा ठरलेल्या असतात, हा माझा शोध. दुसऱ्या प्रश्नात दरवर्षी गंधकाम्ल, तिसऱ्यात अमोनिया. तेव्हा उत्तरं क्रमांकानुसार पाठ करावीत. प्रश्न वाचण्याचा वेळ वाचतो. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असल्यामुळे ही बचत मोठी होती.

समोरच्या क्वार्टरमधली मृदुला पुस्तक पहिल्या पानापासून वाचत होती. मला तिची दया येई.

परीक्षेत मी सर्वांआधी उठलो. फाटकाशी मृदुला भेटली. दुसऱ्यात काय लिहिलंस, म्हणाली. मी म्हटलं, गंधकाम्ल, आकृतीसकट.

"यंदा दुसऱ्यात अमोनिया होता," ती म्हणाली. "प्रश्न वाचलास का तू?"

माझ्या पद्धतीत प्रश्न वाचणं बसत नाही, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं.

निकाल लागला, मी नापास झालो. वडील जेवले, आणि दुसऱ्या दिवशी काळेवाडीत भाड्याची खोली बघायला गेले. ते मात्र मला लागलं. सायकलवरून जाताना त्यांची पाठ दिसत होती आणि मला घरात तोंड लपवायला जागा नव्हती.

अशा वेळी दुसऱ्या कुणी पुस्तक उघडलं असतं. मी पद्धत सोडली नाही. आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत गंधकाम्ल पुन्हा दुसऱ्या प्रश्नात आलं. (प्रश्नपत्रिका काढणारेही जुन्याच प्रश्नपत्रिका वापरत असावेत.) मी पास झालो, नोकरी लागली, क्वार्टर राहिलं. वडिलांनी सगळ्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटले.

आता मी प्रयोगशाळेत आहे. खोकल्याच्या औषधाची प्रत्येक बॅच बाजारात जाण्यापूर्वी तिचा नमुना माझ्याकडे येतो. तो तपासायला अर्धा दिवस जातो. मागच्या बॅचचे आकडे पाहून लिहायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. आकडे दर वेळी तेच असतात. निदान मी आल्यापासून तरी तेच आहेत. कामाच्या वेगाबद्दल साहेबांनी मला सर्वांदेखत शाबासकी दिली.

मृदुलाला हे सांगितलं तर ती पुन्हा तोच प्रश्न विचारील, म्हणून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला हरकत वाटत नाही. खोकला आला की तुम्ही कपाटातली बाटली काढता, तिच्यावर काय लिहिलंय ते न वाचता दोन चमचे घेता. मागच्या वेळी बरं वाटलं होतं, एवढं तुम्हाला पुरतं.

मलाही तेवढंच पुरतं.