सिस्टरचा फ्रीजर

मलकापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या सिस्टरच्या फ्रीजरमध्ये उरलेल्या पिझ्झाचे तुकडे भरती असतात. 'ठेवलेत' म्हटलेलं त्यांना खपत नाही. तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. आता निवृत्त, घरी एकट्याच, पण वॉर्ड काही सुटलेला नाही. प्रत्येक तुकडा वेगळा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर जखमेला लावायची चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनानं लिहिलेलं: "पनीर. भरती सोमवार. प्रकृती स्थिर."

मायक्रोवेव्हचं नाव काढलं की भडकतात. "त्याच्यात चामडं होते त्याचं! जोडा खाऊन राह्यले का?" त्यांची रीत ठरलेली. जाड तवा, मंद आच, कडेला पाण्याचे चार थेंब, वर झाकण. तुकडा तापेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग उलथन्यानं बूड ठोकून बघणार. कडक वाजलं की म्हणणार, "द्या याले सुट्टी."

एकट्या बाईला हायवेवरच्या हॉटेलातून मोठाच्या मोठा पिझ्झा कशाला लागतो, यावर आम्ही नवरा-बायको खूप हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात बायकोचं अकोल्याला ऑपरेशन झालं. तिच्याजवळ सासूबाई थांबल्या, मी सात वर्षांच्या जुईला घेऊन घरी आलो. पोरीनं दोन दिवस धड काही खाल्लं नाही. खिचडी केली, ती करपली. शिरा केला, तर ताट सरकवून आईच्या साडीत तोंड खुपसून बसली. मला काही सुचेना. तेवढ्यात सिस्टर दारात.

"काऊन रडते वं माय? चाल, मले एक पेशंट तपासाचा हाय. मदत कर."

जुई गेली. मागोमाग मीही. पाण्याचे थेंब तिनंच टाकले, झाकण तिनंच उचललं. दोन तुकडे संपवून तिसऱ्यासाठी तव्याजवळ उभी राहिली, तेव्हा मी तोंड फिरवून डोळे पुसले.

"सिस्टर, तुम्ही पण घ्या ना," मी म्हणालो.

"मले नाही आवडत. टाळूले चिकटते ते चीज."

"मग एवढा मोठा काऊन मागवता?"

त्या ओटा पुसत राहिल्या. "लहान मागवला तं उरत नाही. उरलं म्हणजे कोणालेही हाक मारता येते, या, संपवू लागा म्हणून. नुसतं 'या' म्हणायले मले जमत नाही, भाऊ."

बायको बरी होऊन घरी आली. आता रविवारी आम्ही तिघं हाक न येताच त्यांच्याकडे जातो. बायको भाकरी आणि झुणका नेते. सिस्टर पोटभर जेवतात.