विकायची आहे : हाताने घडवलेली हिरवी गाडी

या, असे शेगडीजवळ सरकून बसा. ती खुर्ची नको, लंगडी आहे, दुसरी घ्या! एक गोष्ट सांगतो. अक्षरन् अक्षर खरी, आणि ऐकून हसू आलं नाही तर तुमच्या वाटणीचा मनुकांचा केक मी खाईन!

एक आधीच सांगून ठेवतो. विकण्याच्या कामात माझा हात धरणारा आमच्या क्लिनदू गावात कुणी नाही! रविवारच्या शाळेच्या सहलीसाठी सोडत होती, तेव्हा तिकिटं मी डॉक्टरला विकली. तीही तो मला इंजेक्शन देत असताना! म्हणून माझी बायको नेस्टा जेव्हा म्हणाली, "इद्वल, ती गाडी वीक," तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "शनिवारी गेलीच समज!"

ती गाडी म्हणजे माझी नऊ वर्षं. सत्तर वर्षांपूर्वी चोवीस-चोवीस तासांच्या शर्यतींत धावणारी ती लांब नाकाची, उघडी, हिरवी गाडी आठवते? तिची हुबेहूब नक्कल. वाळू भरलेल्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून लाकडी हातोडीने एकेक गोलाई मी स्वतः ठोकली आहे. इंजिन भंगारातल्या एका सालस कौटुंबिक गाडीचं. डॅशबोर्ड आमच्या चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या, मोडीत निघालेल्या बाकाचा.

मग विकायची कशाला? तर नेस्टाच्या वडिलांसाठी. पाळक तेग्विन, सगळ्या दरीचे पाळकबाबा, वय चौऱ्याऐंशी. काय त्यांचा उपदेश! पहिली वीस मिनिटं आपल्यासारखंच बोलतात. मग शब्दांना हळूहळू चाल लागते, आवाज पायरी पायरी चढतो, आणि शेवटी सगळं प्रवचन गाणं होऊन छताला टेकतं. लहानपणी त्या आवाजावर मी ढसाढसा रडलोय. त्यांच्या मुलीशी लग्न केलं त्यातही, नेस्टाला सांगू नका, त्या आवाजाचा थोडा वाटा होता.

पण गुडघे गेले. डोंगरापलीकडचं घर सोडून आमच्याकडे आले, तर इथलाही जिना चढवेना. तीन आठवडे ते आमच्या स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर होते. डोकं कपाटाशी, पाय चुलीशी. नेस्टा त्यांना ओलांडून अंडी तळायची! गॅरेज रिकामं करून तिथे त्यांची खोली करायची, नाहीतर सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी त्यांना न्यायला येणार, असं ठरलेलं. मी तो वृद्धाश्रम पाहून आलो होतो. तिथे उपदेश टीव्हीवर लागतो, तोही आवाज बंद करून!

तर शनिवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. ऑब्री पेल्हम. इंग्लंडहून, सीमेपलीकडून. चौकड्यांची टोपी, चामड्याचे हातमोजे, आणि घोड्याला खरारा करता येईल अशी मिशी!

मी आरशासमोर पाठ केलेलं भाषण सुरू करणार, "साहेब, ही गाडी म्हणजे लोणी..." तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूर आला, "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको-ओ-ओ!"

झालं! जिभेवरचं लोणी वितळलं. त्या आवाजापुढे मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. म्हटलं, आता खरं तेच.

"साहेब, तेल गळतं," मी म्हणालो.

"गळतं?" पेल्हमसाहेबांचे डोळे चमकले. "वा! मूळच्या सगळ्या गळायच्या!"

"डावा पाय भाजतो. लांब गेलात तर बुटातच उकडून निघतो."

"अस्सं! शर्यतीतले चालक हेच तर सांगायचे!"

"वळणावर दार उघडतं हो! मागच्या महिन्यात आमचा हवालदार ग्लानमोर शेजारी बसला होता. वळणाअलीकडे होता, वळणापलीकडे नव्हता!"

साहेबांनी हातमोजा काढला आणि बॉनेटवर असा हात फिरवला जसा आजारी लेकराच्या कपाळावर फिरवतात. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खरं सांगा. ही नक्कल नाहीच ना?"

"नक्कलच आहे! मी ठोकलीय, या हातांनी!"

"समजलो," त्यांनी डोळा मारला. "तुम्ही असंच म्हणणार. एक मूळ गाडी शर्यतीनंतर हरवली, माहितेय मला. इतके दोष खोट्या गाडीत कोण घालेल?"

जितकं खरं सांगावं तितकी गाडी अस्सल होत चालली! साहेब फाटकाशी गेले आणि आपल्या क्लबातल्या मित्राला फोनवर ओरडून सांगू लागले, "सापडली! हरवलेली सापडली! इथल्या एका म्हाताऱ्याने लपवून ठेवलीय!"

समोरच चॅपलचं सभागृह. तिथे आमच्या पुरुषांच्या गायनमंडळाची तालीम चालू होती. गाणं मधेच तुटलं. पाच मिनिटांत तीस माणसं माझ्या अंगणात! सगळ्यांत पुढे हवालदार ग्लानमोर. आमच्यात सगळ्यांत खालच्या पट्टीत तोच गातो.

"इद्वल," तो त्याच पट्टीत म्हणाला, "गाडी कुणाची आहे रे?"

"माझी! तू पडला होतास की तिच्यातून!"

"पडलो होतो. पण ती कुणाची, हे विचारायला तेव्हा सवड मिळाली नाही."

"नऊ वर्षं बुधवारच्या प्रार्थनेला दांडी मारतोय हा," मागून कुणीतरी म्हणालं, "मला तेव्हाच वाटलं होतं!"

इतक्यात गर्दी दुभंगली. चार पायांची काठी टेकत, घरातला कोट आणि सपाता घालून पाळकबाबा बाहेर आले. थेट गाडीशी गेले आणि डॅशबोर्डवर बोट ठेवलं. तिथे लाकडात कोरलंय : इद्वल. 'व' उलटा.

"हे बाक तिसऱ्या रांगेतलं," बाबा बोलू लागले. "हा दहा वर्षांचा होता. माझा उपदेश चालू असताना चाकूने हे नाव कोरलं. मी कान धरला. कान माझ्या हातात राहायचाच बाकी होता." मग शब्दांना चाल लागली. "आणि तेच बाक मोडीत निघालं, तेव्हा त्याने ते खांद्यावर घरी नेलं. आणि रोज रात्री मी त्याची हातोडी ऐकली, डोंगराच्या त्या बाजूला ऐकली-ई..." सूर चढला. तीन आठवडे खाटेवर पडलेला तो आवाज उठला आणि कौलांवर जाऊन बसला! "आणि मी म्हटलं, प्रभू, हा बुधवारी येत नाही, पण याचे हात तर प्रार्थना करताहेत!"

गायनमंडळाने चार सुरांत "आमेन" धरलं. ग्लानमोरचा खालचा सूर लागला तशा गाडीच्या आरशाच्या काचा थरथरल्या. मी रडलो. पेल्हमसाहेबांच्या मिशीवरून तर पन्हाळ वाहत होती!

"नक्कलच आहे ही," ते हुंदका देत म्हणाले. "मग तर मला हवीच! सांगाल ती किंमत!"

बघा! म्हटलं नव्हतं, शनिवारी जाणार म्हणून?

कागदावर सही करायची तर टेबल हवं. स्वयंपाकघरात खाट. मग नेस्टाने गळ्यातली किल्ली काढून दर्शनी खोली उघडली. परक्या माणसाचा मान म्हणून. कापराचा वास, हार्मोनियमवर पांढरी चादर, कपाटात कुणी कधी न वापरलेल्या सोनेरी काठाच्या बश्या. खिडकीतून ऊन आत आलेलं. साहेबांनी पेन काढलं, आजूबाजूला पाहिलं आणि सहज विचारलं, "छान खोली! कोण राहतं इथे?"

"छे छे, इथे कुणी बसतसुद्धा नाही," नेस्टा म्हणाली. "घरटी एक अशी खोली असतेच. कुणी वारलं की शवपेटी ठेवायला."

"आणि एरवी?"

"एरवी पाळक घरी आले तर त्यांच्यासाठी!" मी ऐटीत म्हणालो.

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आणि पाळक आत्ता कुठे आहेत?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "नेस्टा! माझ्या पायांवर किटली तूच ठेवलीस का गं?"

मी नेस्टाकडे पाहिलं. नेस्टाने माझ्याकडे पाहिलं. तीन आठवडे हो! आमच्या लेखी ते बाबा होते, सासरे होते. पाळक म्हणून ते घरी आलेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही! भिंतीपलीकडे अख्खी खोली, उन्हाची, शेकोटीची, एकही पायरी नसलेली!

नेस्टा मटकन खाली बसली. कुठे, तर दर्शनी खोलीतल्या खुर्चीवर! आमच्या लग्नानंतर त्या खुर्चीवर बसलेलं ते पहिलं जिवंत माणूस. आधी ती रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम.

पेल्हमसाहेबांनी खाली पाहिलं, सही न झालेल्या कागदाची शांतपणे चार वेळा घडी घातली आणि खिशात ठेवली. पेनाला टोपण लावलं. "खाट उचलायला माझी मदत होईल का?" एवढंच म्हणाले.

उचलली त्यांनी! डोक्याकडची बाजू त्यांची, पायाकडची माझी, आणि मधे पाळकबाबा झोपूनच स्तोत्र म्हणताहेत. वृद्धाश्रमाला फोन ग्लानमोरने केला, खालच्या पट्टीत, म्हणून कुणी वाद घातला नाही.

आता रोज सकाळी भिंतीतून उपदेश येतो, आणि गाडी गॅरेजमध्ये सुखाने तेल गाळत बसलीय. विक्रेता म्हणून माझी काय पत राहिली ते विचारू नका.

पण आज निजायच्या आधी प्रार्थनेला गुडघे टेकलेत, तर एक करा. आमच्यासाठी काही मागू नका, आमचं भागलंय. सीमेपलीकडच्या त्या ऑब्री पेल्हमची तेवढी आठवण ठेवा. मागू ती किंमत द्यायला आला होता बिचारा, आणि एक साधा प्रश्न विचारून नेस्टाने बांधून दिलेला अर्धा केक घेऊन परत गेला.