निमसे सर आणि जीपचं मागचं चाक

निमसे सरांच्या स्कूटरवर मागे बसणं म्हणजे चालू तासाला बसणं. थांबायच्या आधी ते मोठ्यानं "ब्रेक!" असं जाहीर करत आणि वळणाआधी "डावीकडे वळतोय, तुम्ही उजवीकडे जाल" अशी सूचना देत. रस्त्यावरची माणसं दचकून बघत. मी मान खाली घालून बसे. आपलं शरीर आहे त्या गतीनं पुढं जायचा हट्ट धरतं, त्याला जडत्व म्हणतात, असं ते मला समजावत. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की मराठीचा मास्तर असूनही मी जडत्वावर तास घेऊ शकेन.

आम्ही एकाच शाळेत, आणि सावेडीत घरंही समोरासमोर. भाजीच्या गाडीवर कुणी 'दोन किलो वजनाचे कांदे' म्हणालं की सर थांबलेच. किलो हे वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये सांगायचं. हेच कांदे चंद्रावर नेले तर वजन सहाव्या हिश्श्यावर येईल, पण कांदा तेवढाच राहील. भाजीवाल्या मावशी एकदा शांतपणे म्हणाल्या, "चंद्रावर न्या न्हाईतर घरी न्या, भाव त्योच हाय." सर आठवडाभर स्टाफरूममध्ये सांगत होते की वस्तुमान म्हणजे काय ते नववीच्या वर्गापेक्षा या बाईला जास्त कळलंय.

वर्गात ते टेबलावरून उडी मारून दाखवत. का, तर पडताना हातातल्या ताणकाट्याला पिशवी लटकवलेली असली तरी काटा शून्य वजन दाखवतो. एकदा ते हवेत असतानाच मुख्याध्यापक दारात आले. सर उतरले, काटा खिशात घातला आणि म्हणाले, "नियमाला कुणाची ओळख चालत नाही." मुख्याध्यापकांना ते टोमण्यासारखं लागलं. सरांच्या मनात तसं काहीच नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावी होतं. आम्ही चौघं भाड्याच्या जीपनं गेलो. पुढं ड्रायव्हर बाळूशेजारी सर, मधल्या सीटवर मी, आणि मागच्या बाकावर पठारे बाई नि चित्रकलेचे काळे सर. लग्न छान झालं. परत येताना घाटात समोरून एसटी आली. तिला वाट द्यायला बाळूनं जीप डावीकडे घेतली आणि कडेची माती ढासळली. मागचं डावं चाक रस्त्याबाहेर गेलं. जीप मागं कलली आणि तशीच थांबली. खाली दरी होती.

काळे सरांनी मागच्या दाराची कडी धरली. तेवढ्यात निमसे सरांचा आवाज आला, वर्गात असतो तसाच, जरासुद्धा न चढलेला.

"काळे, दार उघडू नका. दाराखाली रस्ता नाही. कुणीही हलू नका. वजन सांगा आपापलं."

ते 'वजन' म्हणाले हे मला त्याही स्थितीत जाणवलं. काळे सर म्हणाले, अठ्ठावन्न. पठारे बाईंनी वीस वर्षांत आपलं वजन कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बासष्ट." मग एक श्वास घेऊन म्हणाल्या, "एकाहत्तर."

"मग बाई आधी," सर म्हणाले.

मागचा भार हळूहळू पुढं आणि रस्त्याच्या बाजूला आणायचा, एवढंच त्यांनी सांगितलं. पठारे बाई सीटवरून माझ्याकडे आल्या आणि मधल्या उजव्या दारानं उतरल्या. मग काळे सर. मग मी. प्रत्येक वेळी जीप थोडी हलायची आणि आम्ही श्वास रोखायचो. बाळू रडवेला होऊन विचारत होता, "सर, आता मी उतरू का?" सर त्याला म्हणाले, "तू नि मी पुढं बसलोय म्हणून ही टिकलीय. बस माझ्याजवळ."

एसटी थांबलीच होती. सरांनी खिडकीतून सांगितलं तसे कंडक्टर आणि सातआठ प्रवासी पुढच्या बंपरवर ओणवे झाले. मग बाळू उतरला, त्याच्यामागून त्याच्याच दारानं सर. पुढं दोर बांधून सगळ्यांनी जीप ओढून वर घेतली. पठारे बाई रस्त्यावरच फतकल मारून बसल्या आणि हसायला लागल्या. मग आम्ही सगळेच हसलो, बाळूसुद्धा.

हसणं ओसरल्यावर जो तो फोनला लागला. मी बायकोला सांगितलं, बाई मुलीशी बोलताना रडल्या, बाळू त्याच्या आईला 'काय झालं न्हाई गं' म्हणत होता. सरही जरा लांब जाऊन फोनवर बोलत होते. त्यांच्या घरी कुणी नाही हे मला ठाऊक होतं. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. ते परत आल्यावर मी विचारलं, कुणाला केलात?

"दूधवाल्याला," ते म्हणाले. "म्हटलं, उद्या मी आहे. अर्धा लिटर ठेव." आणि चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच होते.

मी पुन्हा बायकोला फोन लावला आणि सांगितलं की रात्री सर आपल्याकडेच जेवतील. तिनं विचारलं, त्यांना भाकरी चालेल ना? मी सरांकडे फोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ नुसतं "हो वहिनी, हो," म्हणत राहिले.