भुईला कान लावणारे आबा लेले

दर रविवारी सकाळी आबा लेले कानांवर दोन काळ्या वाट्या चढवून डोंबिवलीच्या माळाला इस्त्री करत. निदान लांबून तरी तसंच दिसे. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला तव्याएवढी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान भंगारात निघालं, त्यातून सुरुंग शोधायचं हे यंत्र त्यांनी उचलून आणलं होतं. सगळा जन्म तारऑफिसात गेलेला. पेन्शनीत निघाल्यावर माणसाला कान रिकामे ठेवता येत नाहीत, असं आम्ही चाळकरी म्हणायचो.

यंत्रानं शिटी दिली की आबा ओरडत, "तार आली!" खणल्यावर बहुधा बिअरच्या बाटलीचं पत्र्याचं बूच निघे. मग ते शांतपणे म्हणत, "पत्ता चुकला."

शेजारी म्हणून पहार घेऊन बरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी खजिना चालायला लागला. पहार लांब ठेवून मी जागा बघायला पुढे झालो की शिटी वाढे, मागे सरलो की बंद. चार ठिकाणी खणून माझे हात सोलवटले, तेव्हा आबांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"वहाणा काढ बघू."

नव्या वहाणांना चांभारानं लोखंडी नाल ठोकली होती.

चाळीच्या मालकांना अंगणात पेशवाईतला हंडा सापडेल अशी आशा होती. मोरीपाशी शिटी कडाडली. मालकांनी देवाला नारळ कबूल केला. निघालं पितळी उलथनं, जे चोरल्याच्या संशयावरून त्यांनी गंगूबाई मोलकरणीला काढून टाकलं होतं. "ही तार गंगूबाईची," असं म्हणत आबा ते उलथनं घेऊन थेट तिच्या दारात गेले आणि मालकांनाही सोबत नेलं.

ही गोष्ट पसरली असावी. एके दिवशी कल्याणपलीकडच्या गावातली हिराबाय नावाची म्हातारी आगरीण विचारत विचारत आली.

"भुईला कान लावतो तो बामन तूच का रे, दादा?"

लढाईच्या दिवसांत लष्करानं तिचं गाव रिकामं करवलं होतं. सांजेच्या आत निघा, असा हुकूम. तिनं घरातले चांदीचे देव तांब्याच्या कळशीत घालून चुलीशेजारी पुरले. चार दिवसांत परतू, असं वाटलं. परतली तेव्हा घर नव्हतं, दारची चिंच नव्हती, नुसतं सपाट रान. मुलं म्हणाली, नवे देव करू.

"नवं देव मला वळखतील का?" हिराबायनं आम्हालाच विचारलं.

आम्ही रविवारमागून रविवार तिथे गेलो; हिराबाय आणि तिचा एक मुलगा सोबत असत. अख्ख्या रानात तंबूचे खुंटे, टिनाचे डबे, तारेची भेंडोळी. पावलागणिक तार आणि दर तारेचा पत्ता चुकलेला. लोखंड मुरलेला काळा कातळसुद्धा शिट्या द्यायचा. शेवटी आबा वैतागून खाली बसले.

"हिराबाय, इथं सगळी फौज एकदम बोलतेय. तुझे देव मला ऐकूच येत नाहीत."

ती उठली. गावातली विहीर तेवढी शिल्लक होती. तिनं हंडा भरून डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि चालू लागली. मधेच वळली, पुढे जाऊन एका जागी थांबली आणि उंबरा ओलांडावा तसा पाय उचलला.

"ह्यो माजा उंबरा."

तिथून तीन-चार हात आत शिटी आली. खणलं, तर गंजलेला जाड पत्रा. मी पहार टाकली. हिराबायच्या मुलानं कपाळाला हात लावला. आबांनी मात्र पत्रा उचलून बाजूला केला, चकती खड्ड्यात उतरवली आणि हाताच्या इशाऱ्यानं आम्हाला गप्प बसवलं.

"याच्या खाली दुसरं कुणीतरी आहे," ते हळूच म्हणाले.

हिरवी पडलेली कळशी निघाली. हिराबायनं एकेक देव विहिरीच्या पाण्यानं धुतला, पदरानं पुसला, नावानं हाक मारून पदरात ठेवला. मग आबांकडे वळली.

"सगल्यांचं शोदून देतोस. तुजं काय हरवलं रे, दादा?"

मला वाटलं, आबा काहीतरी गमतीचं बोलतील. त्यांनी कानांवरच्या वाट्या काढून मांडीवर ठेवल्या.

"हरवलं असं नाही. कुटुंब गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही. हे लावलं की कुणीतरी काहीतरी सांगू पाहतंय, असं वाटतं."

हिराबायनं देवांसकट पदराची गाठ मारली. "माज्या घरात नातवंडांचा गोंगाट हाय नुसता," ती म्हणाली. "येत जा. कान किटतील तुजं."

पुढच्या रविवारी मी पहार घेऊन तयार राहिलो. आबा आले ते धुतलेल्या सदऱ्यात, हातात चुरमुऱ्याची भली मोठी पुडी घेऊन.

"आज तू नको," ते जरा लाजत म्हणाले. "मला जेवायला बोलावलंय."